जुने गेमबॉय भंगारात नकोत, शाळेच्या टेबलावर हवेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

काही दिवसांपूर्वी आपल्या दैनिकात शाळकरी मुलांनी गोळा केलेल्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे छायाचित्र छापून आले होते. त्या मुलांचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे आणि हे पत्र त्यांच्या उपक्रमाविरुद्ध मुळीच नाही. परंतु त्या ढिगात, तुटलेले कीबोर्ड, चार्जर आणि रिमोट यांच्या मधोमध, करड्या रंगाची, पंजाएवढी एक वस्तू पालथी पडलेली दिसली आणि त्या दिवशी मला दुसरे काही सुचेना. पाठीवरचे झाकण नाहीसे झाले होते आणि चार सेलांची रिकामी खाच स्पष्ट दिसत होती. तो निन्टेन्डो कंपनीचा पहिला गेमबॉय, म्हणजे हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेमचे यंत्र, होता. मी फोंड्यात गेली २७ वर्षे रेडिओ, ॲम्प्लिफायर आणि देवळांतल्या उत्सवी नाटकांचे ध्वनिवर्धक दुरुस्त करतो. त्या अनुभवाच्या बळावर मला आपल्या वाचकांना सांगायचे आहे की, या यंत्राला कथलाचे चार डाग दिले आणि आवाज बाहेर नेणारा एक जॅक बसवला की त्याचे उत्तम वाद्य होते, आणि भंगाराच्या तराजूत जाण्याआधी ते आपल्या मुलांच्या हाती पडले पाहिजे.

गोव्यात अशी यंत्रे अजूनही बऱ्याच घरांत असावीत असे मला वाटते, आणि त्याला कारण आहे. गेमबॉय जपानमध्ये २१ एप्रिल १९८९ रोजी बाजारात आला. आपल्याकडच्या दुकानांत तो सहज मिळत नव्हता, पण आखाती देशांत आणि बोटींवर नोकरी करणारे गोमंतकीय सुट्टीवर येताना चॉकलेटे, अत्तरे आणि कॅसेट प्लेअर यांच्याबरोबर मुलांसाठी तो घेऊन येत. माझ्या बहिणीचे यजमान बोटीवर होते. त्यांनी १९९४ साली आणलेला गेमबॉय दोन-तीन वर्षे खेळून झाल्यावर कपाटाच्या वरच्या खणात गेला आणि सेल आतच राहिले. गेमबॉय आणि त्यानंतरचा गेमबॉय कलर मिळून जगभर ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. त्यांतली जी आपल्या कपाटांत येऊन थांबली, त्यांचे काय करायचे, एवढाच माझ्या पत्राचा विषय आहे.

चार वर्षांपूर्वी माझा भाचा, जो तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता, तोच गेमबॉय घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, "मामा, ह्याच्यातून चांगला आवाज बाहेर काढून द्याल?" मला वाटले, स्पीकर गेला असेल. त्याला हवे होते ते वेगळेच. या यंत्रात संगीत रचण्याचे सॉफ्टवेअर घालून जगभरातले लोक रंगमंचावर वाजवतात, हे त्याने मला त्या दिवशी सांगितले. मी चाळीस मिनिटे कानाला हेडफोन लावून ऐकत बसलो आणि हातातले काम बाजूला राहिले.

या यंत्राच्या आत आवाजाच्या चार वाटा आहेत. पहिल्या दोन वाटांतून चौकोनी लहर निघते. तिची रुंदी १२.५, २५, ५० किंवा ७५ टक्के अशी बदलता येते, आणि रुंदी बदलली की त्याच सुराचा पोत सनईसारखा चिरका किंवा बासरीच्या जवळ जाणारा पोकळ होतो. तिसऱ्या वाटेत आपली लहर आपण स्वतः आखायची असते: ३२ घरे, आणि प्रत्येक घरात ० ते १५ पैकी एक उंची. चौथ्या वाटेतून नुसता सळसळाट निघतो, त्याच्यापासून झांज, कासाळे (आपल्याकडच्या मोठ्या झांजा), टाळी असे आवाज घडवता येतात. एवढीच सामग्री आहे. मी पेटी वाजवणाऱ्या घरातला माणूस आहे, आणि मर्यादित सामग्रीत किती रंग भरता येतात हे पाहण्याची सवय आम्हाला असते; तरीही तिसऱ्या वाटेवर खर्जातला एक सूर धरून तो झटक्यात खाली ओढला तेव्हा घुमटाच्या, म्हणजे आपल्या मातीच्या, कातडे ताणलेल्या वाद्याच्या, मागच्या उघड्या तोंडावरचा डावा हात उचलल्यासारखा जो 'घुंम्' आवाज आला, त्याने मी थक्क झालो.

यासाठी लागणारे सॉफ्टवेअर खेळांच्या कंपन्यांनी केलेले नाही, तर हौशी माणसांनी एकट्याने बसून लिहिलेले आहे. जर्मनीतील ऑलिव्हर विटशो यांनी १९९८ साली नॅनोलूप तयार केले, आणि त्यानंतर दोनेक वर्षांतच स्वीडनमधील योहान कोटलिन्स्की यांचे लिटल साउंड डीजे आले, ज्याला सगळे एलएसडीजे म्हणतात. ते कार्ट्रिजमध्ये, म्हणजे खेळ साठवायच्या चपट्या डबीत, भरून यंत्राच्या पाठीत खोचायचे, की १६० गुणिले १४४ ठिपक्यांच्या त्या पडद्यावर रकाने उमटतात. एका पानावर सोळा ओळी असतात, एकेका ओळीत एकेक सूर लिहायचा, अशी पाने साखळीने जोडायची आणि साखळ्यांचे गाणे करायचे. सोळा ओळी म्हणजे त्रितालाच्या सोळा मात्रा, हे कोणाही तबलजीच्या पहिल्या दृष्टिक्षेपात लक्षात येईल. दहा मात्रांचा झपताल हवा असेल तर अकराव्या ओळीवर 'हॉप' नावाची आज्ञा लिहावी, म्हणजे उरलेल्या ओळी सोडून यंत्र पुढच्या पानावर जाते. रूपकासाठी हीच आज्ञा आठव्या ओळीवर. हे आम्हाला कोणी शिकवले नाही. माझ्या भाच्याची आजी दिवाणावर बसून बोटांवर मात्रा मोजत होती, तिच्याकडून ते आले.

सुरांच्या बाबतीत एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण उगाच गोडवे गाणे मला मान्य नाही. या यंत्राच्या पहिल्या दोन वाटांतला सूर १,३१,०७२ या संख्येला एका पूर्णांकाने भागून तयार होतो. खालच्या सप्तकात त्यामुळे काही अडत नाही: काळी एकचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झला येतो, आणि तिथे ९४५ ने भागले तर १३८.७० आणि ९४६ ने भागले तर १३८.५५ मिळतात, म्हणजे दोन शेजारच्या सुरांतला फरक कानाला जाणवणार नाही इतका सूक्ष्म असतो. तोच षड्ज चार सप्तके वर नेला तर तो सुमारे २२१७ हर्ट्झला हवा. तिथे ५९ ने भागून २२२१.६ मिळतात, ६० ने भागून २१८४.५, आणि मधले काहीच मिळत नाही. म्हणून तार आणि अतितार सप्तकात या यंत्राकडून श्रुतींची अपेक्षा करू नये. मंद्र आणि मध्य सप्तकात मात्र कोमल ऋषभ थोडा अधिक उतरवून घेता येतो, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची आज्ञा आहे, तिच्यातून मींडही निघते. तिच्यात गायकाच्या गळ्यातला जिव्हाळा येणार नाही, पण चुकीचा सूर यंत्र लपवत नाही, आणि शिकणाऱ्या मुलासाठी तो मोठाच गुण आहे.

आता दुरुस्तीकडे वळतो, कारण माझा अधिकार असेल तर तो तिथेच आहे.

मागचे सहा स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत. त्यांच्या डोक्यावर तीन पाकळ्यांची खाच असते आणि त्यासाठी वेगळा पेचकस लागतो, जो आता सहज मागवता येतो. दोन अर्धे झाकणे एका पट्टीसारख्या रुंद केबलने जोडलेली असतात, त्यामुळे नारळाची भकले करावीत तसा झटका देऊ नये. एक बाजू उचलून केबल तिच्या खाचेतून सरळ ओढून काढावी. आमच्या यंत्रातले सेल २५ वर्षांहून जास्त काळ आतच राहून पाझरले होते. स्प्रिंगा पांढऱ्या भुकटीखाली दिसेनाशा झाल्या होत्या आणि तांब्यावर हिरवे-निळे कीट चढले होते. अल्कलाइन सेलमधून पाझरते ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली, आणि तिला मारायला आम्लच हवे. कापसाच्या काडीला पांढरे विनेगर लावून ते हळूहळू घासले की बारीक फेस येतो आणि धातू उघडा पडतो. आपल्या घरात माडाचे विनेगर असते, त्यानेही काम होते, परंतु त्याचा चिकटपणा मागे राहतो, म्हणून मी ते वापरत नाही. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळे पुसून घ्यायचे आणि एक दिवस पंख्याखाली वाळू द्यायचे. आपल्या पावसाळ्यात आणि समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या हवेत तर व्हॉल्यूमचे चक्र, सेलची पाती आणि कार्ट्रिजच्या पिना यांना गंज धरणे ठरलेलेच असते. ज्या यंत्राला लोक 'मेले' म्हणतात, त्यांतली बरीचशी एवढ्या साफसफाईवर उठून बसतात, असा माझा अनुभव आहे.

पडद्यावर उभ्या रेघा गायब होणे हा या यंत्राचा नेहमीचा आजार. पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीचा सांधा सैल झालेला असतो. सोल्डरिंग आयर्न मंद आचेवर ठेवून त्या पट्टीवरून अलगद फिरवले की रेघा एकेक करून परत येतात. ते पाहण्यासाठी शेजारच्या दुकानातली माणसे येऊन उभी राहतात.

आता आवाजाविषयी. कारखान्यातून आलेल्या यंत्रात चिपमधून निघालेला आवाज आधी व्हॉल्यूमच्या चक्राकडे जातो, तिथून आतल्या लहानशा ॲम्प्लिफायरकडे आणि मग हेडफोनच्या जॅककडे. त्या ॲम्प्लिफायरमध्येच खरखर मिसळते आणि मोठ्या स्पीकरवर ती असह्य होते. म्हणून आवाज त्याच्या आधीच, व्हॉल्यूमच्या चक्राच्या पायांपाशी, उचलायचा: डाव्या बाजूची एक वायर, उजव्या बाजूची एक, आणि तिसरी ग्राउंडची, अशा तीन वायरी डाग देऊन नव्या जॅकवर नेल्या की काम झाले. जगभर या फेरफाराला 'प्रोसाउंड' म्हणतात. चक्राच्या आधीच आवाज घेतल्यामुळे यंत्राचे व्हॉल्यूम या जॅकला लागू होत नाही, ते मिक्सरवर सांभाळावे लागते. जॅकसाठी भोक पाडताना आधी अगदी बारीक ड्रिल, मग त्याहून थोडे मोठे, आणि शेवटचा मिलिमीटर हाताने कानशीने वाढवायचा, नाहीतर जुने प्लॅस्टिक चिरते.

पहिल्या वेळी मी वायरी सोयीच्या वाटेने, पॉवरच्या छोट्या पाटीला (सर्किट बोर्डला) लागून नेल्या. ती पाटी सेलच्या विजेतून चिपसाठी ५ व्होल्ट आणि पडद्यासाठी उणे १९ व्होल्ट तयार करते आणि ते करताना सतत बारीक शिटी मारत असते. यंत्र जोडले तेव्हा सुरांच्या मागे डास गुणगुणावा तसा आवाज येत राहिला. आम्ही दोघांनी रात्री साडेअकरापर्यंत आधी डाग तपासले, मग कपॅसिटर, मग माझा स्वतःचा मिक्सर. दुसऱ्या दिवशी वायरी उपसून पाटीपासून शक्य तितक्या लांबून, आवरण असलेल्या केबलमधून नेल्या आणि गुणगुण थांबली. मायक्रोफोनची वायर विजेच्या वायरीला समांतर नेऊ नये हे मी २७ वर्षे इतरांना सांगत आलो आहे. तोच नियम या लहानशा डब्यातही लागू होतो, हे मला त्या रात्री समजले. एखाद्या शाळेत पाठ घ्यायचा असेल तर या एका चुकीपासून सुरुवात करावी. विद्युतचुंबकीय प्रवर्तन फळ्यावर शिकवण्याऐवजी मुलांच्या कानांना ऐकवता येते.

पडद्याच्या मागे दिवा बसवणे, रंग उलटण्यासाठी ७४एचसी०४ ही लहान चिप मध्ये घालणे, बटणांना नवे रबर, असे इतर अनेक फेरफार लोक करतात. ते उपयोगाचे आहेत, कारण मूळ पडद्याला स्वतःचा उजेड नाही आणि अंधाऱ्या रंगमंचावर त्यावरचे काही दिसत नाही. मात्र पडद्यामागचा चकाकता कागद सोलताना काच तडकण्याची भीती असते, म्हणून नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये.

कार्ट्रिजच्या बाबतीत वाचकांना सावध करणे माझे कर्तव्य आहे. रचलेली गाणी ज्या स्मृतीत राहतात, ती बऱ्याच कार्ट्रिजांमध्ये एका नाण्याएवढ्या सेलवर जिवंत असते, आणि तो सेल संपला की सगळे एका क्षणात पुसले जाते. माझ्या भाच्याची आठ महिन्यांत रचलेली अकरा गाणी अशीच गेली. तो दोन दिवस घरात कोणाशी बोलला नाही. त्याच्या दुःखाला मी काय उत्तर देणार? नवा सेल बसवला, आणि तेव्हापासून दर रविवारी कार्ट्रिजमधले सगळे संगणकावर उतरवून ठेवायचा नेम केला. सेल बदलताना पत्र्याचे पाय आधीपासून जोडलेलाच सेल आणावा. नाण्यासारख्या उघड्या सेलवर थेट डाग देऊ नये, तापून तो फुटू शकतो.

पुढचा फेरफार आम्हाला आपल्या चतुर्थीमुळे करावा लागला. घुमट आरतीत लय एका जागी राहत नाही हे वाचकांना सांगायला नको. शामेळ हा साथीचा ढोल वाजवणारा चढवतो तशी ती चढत जाते आणि कासाळे तिला टोक देतात. यंत्र मात्र आपल्या ठरलेल्या गतीने चालत राहते. पहिल्या वर्षी आम्ही घरच्या आरतीनंतर, देवापासून दूर, मागच्या पडवीत गेमबॉय आणि घुमट एकत्र वाजवून पाहिले, आणि चौथ्या-पाचव्या आवर्तनात दोघांची वाट वेगळी झाली. टिमोथी लँब या अमेरिकन कलाकाराने आर्डुइनोबॉय नावाची एक जोडणी सर्वांसाठी खुली केली आहे: आर्डुइनोची, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम चालवणारी, एक साधी पाटी, प्रकाशाने संदेश पलीकडे नेणारी ६एन१३८ ही चिप, मिडीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवण्याच्या पद्धतीची, सॉकेट आणि गेमबॉयची एक कापलेली जोड-केबल. मिडीमध्ये लयीसाठी एका ठोक्यामागे २४ टिचक्या पाठवण्याचा नियम आहे. भाच्याने पायाने दाबायचे एक बटण जोडले. दोन दाबांमधला वेळ मोजून पाटी त्याचे २४ भाग करते आणि गेमबॉयला टिचक्या देत राहते. घुमट वाजवणारा पायाने ठोक्या-ठोक्याला बटण दाबतो आणि यंत्र त्याच्या मागून चालते. माणसाने यंत्राच्या मागे धावण्याऐवजी यंत्राने माणसाच्या लयीला जुळवून घेणे मला अधिक योग्य वाटते, आणि म्हणून आमच्या सगळ्या कामात मला याच फेरफाराचा सर्वांत जास्त आनंद झाला. केबल कापताना मात्र रंगांवर विश्वास ठेवू नये. स्वस्त केबलींत रंग वाटेल तसे असतात, प्रत्येक तार मल्टिमीटरने तपासूनच जोडावी.

माझ्या परिचयातल्या एका ज्येष्ठ गायकांनी हे सगळे पाहून विचारले, "खेळण्याला वाद्य कशाला म्हणता?" त्यांच्याविषयी मला आदर आहे, म्हणून मी विचार करून उत्तर देतो. आपण ज्या पेटीवर आज अभंग आणि नाट्यपदे वाजवतो, ती युरोपातून आली, आणि आकाशवाणीने तिला १९४० पासून १९७१ पर्यंत दूर ठेवले होते. तिला आपलेसे केले ते वाजवणाऱ्यांनी आणि दुरुस्त करणाऱ्यांनीही: पायाचा भाता हाताला आला, आणि सूर चढवायचा तर पितळी पट्टी टोकाकडे खरवडायची, उतरवायचा तर मुळाकडे, हे ज्ञान आपल्या कारागिरांच्या बोटांत रुजले. घुमटाचेही तसेच. त्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो मार्ग बंद झाला, कारागिरांनी बकऱ्याचे कातडे वापरून, ताण बदलून, आवाज पुन्हा जुळवून आणला, आणि २०१९ साली राज्य सरकारने घुमटाला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. वाद्य उघडणे, त्याचे पोट पाहणे आणि काळानुसार त्यात फेरफार करणे ही आपल्याकडच्या हातांची जुनी सवय आहे. गेमबॉयवर कथील लावणारा मुलगा तेच काम करतो.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत, जे म्हणतात की ३५ वर्षांच्या वस्तूला भोक पाडणे हे पाप आहे. त्यांचे मला अर्धे पटते. खोक्यासकट, न चिरलेल्या स्थितीतले यंत्र मी उघडायला घेत नाही आणि मालकाला ते जपून ठेवायला सांगतो. ज्याचे झाकण फुटले आहे, पडदा अर्धा गेला आहे, त्याच्यावरच हत्यार चालवावे. नवी बाहेरची खोळही मिळते, त्यामुळे भोक नव्या खोळीला पाडून जुनी तशीच बाजूला ठेवता येते.

संपादक महोदय, माझी विनंती दोन ठिकाणी आहे. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे संकलन करणाऱ्या शाळा, पंचायती आणि संस्था यांनी खेळण्याची हातातली यंत्रे ढिगात टाकण्याआधी वेगळी काढावीत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत अशा यंत्रांचा उल्लेख आहे, आणि तेच नियम वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यालाही स्वतंत्र स्थान देतात. म्हणजे तोडणे हा एकच मार्ग कायद्यानेही सांगितलेला नाही. दुसरे म्हणजे, आपल्या राज्यातील शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची योजना चालू आहे. त्या तासांना मुले दिवा लुकलुकवतात, गाडी चालवतात. त्याच पाटीने सूर आणि लय यांचे काम करून दाखवले तर संगीताचे शिक्षक आणि विज्ञानाचे शिक्षक प्रथमच एका टेबलाशी बसतील. यासाठी प्रत्येक शाळेला गेमबॉयच मिळायला हवा असेही नाही. जत्रेच्या फेरीत विटा रचण्याच्या खेळाची जी स्वस्त यंत्रे मिळतात, त्यांच्या आत काळ्या थेंबाखाली झाकलेल्या चिपशेजारी बहुधा एक रोध (रेझिस्टर) असतो. तो बदलला की चिपची गती बदलते आणि तिच्या पिपाणीचा सूर चढतो किंवा उतरतो. रोधाच्या जागी फिरवता येणारे चक्र बसवले की पाचवीतल्या मुलीलाही स्वतः घडवलेले पहिले वाद्य घेऊन घरी जाता येईल. अट एकच, आणि ती कठोरपणे पाळली जावी: फक्त सेलवर चालणारी यंत्रे उघडायची, भिंतीतल्या विजेला जोडलेली कधीही नाही, आणि कथील हाताळल्यावर खाण्याआधी हात साबणाने धुवायचे.

माझ्या दुकानात दर रविवारी सकाळी ९ ते १२ या वेळेत हे काम विनामूल्य शिकवले जाते. सध्या पाच मुले येतात, त्यांत दोन मुली आहेत, आणि डाग देण्यात त्या दोघींचा हात माझ्याहून स्थिर आहे. ज्यांच्या घरी असे जुने यंत्र आहे त्यांनी ते इथे आणले नाही तरी चालेल, परंतु हे पत्र वाचून झाल्यावर कपाटाचा वरचा खण उघडून त्यातले सेल तेवढे आजच काढून ठेवावेत. येत्या रविवारी आम्हाला तीन यंत्रे उघडायची आहेत, आणि चौथ्यासाठी टेबलावर जागा मोकळी ठेवली आहे.

आपला विश्वासू,
एक रेडिओ दुरुस्ती कारागीर,
फोंडा, गोवा